पाइपातला ठोका

सोलापुरात उष्णता शिकवायला मास्तरीण कशाला लागते, असं माझ्या नणंदेनं मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "मे महिन्यात गच्चीवर उभं करा की पोरांना, आपोआप शिकतील!" सगळं घर हसलं. मीही हसले, पण मनातून चिडले. पुढे आयुष्यभर मी याच थट्टेवर चिडत आले. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकलच्या मुलांना उष्णतेचं वहन शिकवलं आणि त्याची लॅब सांभाळली. उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी कशी जाते, किती वेगानं जाते आणि वाटेत कुठे अडते, एवढंच माझं काम. उन्हाळ्याशी माझा संबंध बाकीच्या सोलापूरकरांइतकाच, म्हणजे शिव्या देण्यापुरता.

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "मॅडम, विद्यार्थ्यांच्या गमतीजमती लिहा." गमतीजमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की मला एकच गोष्ट आठवते, आणि ती गमतीची नाही. मी सकाळी लिंगपूजा करून घराबाहेर पडणारी बाई आहे. देवावर माझा विश्वास आहे, भुताखेतांवर नाही. एवढं आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी खुळ्यात काढणार नाही.

आमच्या लॅबमध्ये बाहेरचे लोकही नमुने तपासायला आणत. त्यात एकेक वल्ली असे. भवानी पेठेतला एक भजीवाला एकदा तेलाची बाटली घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, ह्यात टाकायला तुमची ती बारीक पावडर हाय का? तेल लवकर तापंल, गॅस कमी लागंल." मी म्हटलं, "पावडर आहे, पण भजी खाणाऱ्याच्या पोटात गेल्यावर तिचं काय होईल ते कुणालाच माहीत नाही." तो शांतपणे म्हणाला, "ते तर आत्ताबी कुणाला म्हाईत न्हाई की." मला इतकं हसू आलं की त्याला चहा पाजूनच पाठवला. दुसरा एक जण गाडीच्या रेडिएटरमध्ये टाकायचं औषध विकायचा. त्याला तपासणी नको होती, फक्त कॉलेजचा शिक्का हवा होता. त्याला मात्र मी जिना उतरेपर्यंत बोलत होते.

ही बारीक पावडर म्हणजे काय, ते सांगते. पाणी उष्णतेच्या बाबतीत तसं आळशीच. तांबं उष्णता पाण्यापेक्षा शेकडो पट चांगली वाहून नेतं. मग पाण्यात धातूची पूड मिसळली तर पाणी चलाख होईल का? होतं. पण साधी पूड तळाला बसते आणि नळ्या खरवडून काढते. म्हणून ती इतकी बारीक करायची की केसाच्या जाडीत हजारांनी कण मावावेत. असा कण बुडत नाही. आजूबाजूचे पाण्याचे रेणू त्याला सारखे ढकलत राहतात आणि तो तरंगत राहतो. यालाच नॅनो-द्रव म्हणतात.

त्यातल्या एका पांढऱ्या पुडीचं अगदी पातळ द्रावण पाहिलं तर साधं पाणीच वाटतं. पण खोलीतला दिवा मालवून बाटलीत टॉर्च मारला की पाण्यात प्रकाशाची काठी उभी राहते. साध्या पाण्यात ती दिसत नाही. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आपण ज्याला रिकामं समजतो ते रिकामं नसतं, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं.

मोजायची रीत सोपी आहे. द्रवात प्लॅटिनमची एक अतिशय बारीक तार बुडवायची आणि तिच्यातून वीज सोडायची. तार तापू लागते. भोवतालचा द्रव उष्णता झटपट ओढून नेणारा असेल तर तार हळू तापते, आळशी असेल तर चटकन तापते. जगभर या मोजण्यावरून भांडणं झाली. कुणाला भरमसाट वाढ दिसली, कुणाला नावापुरती. आमच्याकडे वाढ दिसायची, पण जाहिरातीत असते तेवढी कधीच नाही.

एक चमत्कारिक गोष्ट मात्र मी माझ्या हातानं पाहिली आहे, आणि पुढचं सगळं तिच्यावरच आहे. हे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून द्रवात साबणासारखं एक रसायन घालतात. द्रव वारंवार तापला की ते रसायन मरतं. मग कण एकेक करून हात धरू लागतात आणि त्यांच्या साखळ्या होतात. विहिरीवर माणसं रांगेनं उभी राहून बादल्या पुढे देतात, तशी या साखळीतून उष्णता भराभर पुढे जाते. म्हणजे द्रव बिघडायला लागला की त्याचं रीडिंग सुधारतं! आमच्या कपाटात अशी एक बाटली होती. दर तपासणीला ती आधीपेक्षा चांगली निघायची. मुलं खूश, मीही खूश. सगळ्यात उत्तम रीडिंग आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं, तर वर स्वच्छ पाणी आणि तळाला काळा चिखल. साखळ्या जड होऊन एका रात्रीत खाली बसल्या होत्या. तेव्हापासून चांगल्या रीडिंगची मला भीतीच बसली.

व्यंकटेश माझा जुना विद्यार्थी. पद्मशाली घरातला, वडिलांचा टॉवेल रंगवायचा कारखाना त्यानं वाढवला होता. तिथे रंगाच्या हौदांना गरम पाण्यानं ऊब द्यायची व्यवस्था होती. भट्टीत लोखंडी नळीची दोन वेटोळी, एक खाली जाळाजवळ आणि एक वर. त्यांतून पाणी तापून निघायचं, पाइपानं हौदांभोवती फिरायचं आणि थंड होऊन पुन्हा भट्टीत यायचं. तेच ते पाणी, बंद चक्रात. भट्टी भिंतीच्या एका बाजूला, हौद दुसऱ्या बाजूला.

हौदांवर बसण्णा असायचा. तो मैंदर्गीचा, म्हणजे माझ्या माहेरचा. मुलांना कारखाना दाखवायला घेऊन गेले की तो लांबूनच म्हणायचा, "बर्री अक्का, कुंद्री," म्हणजे या, बसा, आणि बाकडं फडक्यानं पुसून मला बसायला द्यायचा. मग कन्नडमध्ये गावाकडची चौकशी. भट्टीवर महबूब. वयानं बसण्णापेक्षा लहान, पण तोही पन्नाशीचा. कारखान्यात एवढा गोंगाट की भिंतीपलीकडे हाक जाणं शक्य नाही. म्हणून त्या दोघांनी आपली एक रीत काढली होती. हौदाला ऊब कमी पडली की बसण्णा हातोडीनं पाइपावर तीन ठोके द्यायचा. लोखंडातून आवाज भट्टीपर्यंत जायचा आणि महबूब जळण सारायचा. तीन म्हणजे आग वाढव. हे मला महबूबनंच एकदा हौसेनं दाखवलं होतं. "आमचा फोन हाय हा मॅडम, बिल येत न्हाई," असं तो म्हणाला होता.

एका थंडीत बसण्णा गेला. झोपेतच गेला, हृदयाचा झटका. महबूब मैंदर्गीपर्यंत मातीला गेला होता. बसण्णाच्या जागी व्यंकटेशनं माणूस ठेवला नाही, हौदांवर आकडे दाखवणारं पॅनल बसवलं. आणि त्यानंतर काही दिवसांनी बाहेरगावच्या एका एजंटाकडून नॅनो-द्रवाची पिंपं आणली. तांब्याच्या ऑक्साइडचा, काळाभोर. जळण वाचेल म्हणून. "मॅडम, तुम्ही अधूनमधून तपासून द्या," एवढी त्याची विनंती. मी एकच अट घातली. पंप बंद पडू द्यायचा नाही. भट्टी विझली तरी चालेल, द्रव फिरता राहिला पाहिजे. व्यंकटेशनं पंपाला वेगळा जनरेटर दिला. विद्यार्थी म्हणून तो मला नेहमीच आवडत आला, ऐकायचा.

पहिल्या तपासण्या ठीकठाक होत्या. मग रीडिंग चढू लागलं.

पावसाळ्याच्या अखेरीस मी नमुना घ्यायला गेले, तेव्हा महबूब भट्टीसमोर न बसता पाइपाला कान लावून उभा होता. मला बघून त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"आयका की मॅडम."

मी कान लावला. आतून बारीक आवाज येत होता. ठक. मग शांत. मग ठक, ठक. कुणीतरी फार लांबून, संकोचानं ठोकावं तसा.

"बसण्णा हाय," महबूब म्हणाला. चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती, उलट आनंद होता. "चार-आठ दिवस झाले. मला वाटलं, मलाच आयकू येतंय. तुमाला बी आलं नव्हं?"

मी त्याला समजावलं. नळीच्या आत कुठेतरी गाळ धरतोय, तिथलं लोखंड जास्त तापतंय, त्याला लागून पाण्याचे बुडबुडे होतात आणि फुटतात, त्याचा हा आवाज. चहाचं आधण उकळायच्या आधी गुणगुणतं, तोच प्रकार. त्यानं मान डोलावली. मग कोपऱ्यात आणून ठेवलेली बसण्णाची हातोडी उचलून त्यानं पाइपावर एक हलकासा ठोका दिला.

आणि पाइपानं उत्तर दिलं. ठक, ठक, ठक.

मला कारण माहीत होतं. उकळीच्या काठावर आलेल्या पाण्याला धक्का बसला की अडलेले बुडबुडे एकदम सुटतात. वर्गात मी हे कितीदा तरी शिकवलं असेल. तरीही त्या क्षणी माझी मान आपोआप भिंतीपलीकडच्या हौदांकडे वळली, बसण्णा बसायचा त्या बाकड्याकडे. मधल्या दारातून ते दिसलं, रिकामं होतं. महबूब मात्र तोवर खाली वाकून भट्टीत जळण सारू लागला होता.

"हे काय करताय?" मी ओरडले.

"तीन ठोके आले की," तो साधेपणानं म्हणाला.

खरी भीती मला तेव्हा वाटली, आणि ती भुताची नव्हती. ठोका आला की हा आग वाढवणार. आग वाढली की नळी आणखी तापणार, बुडबुडे वाढणार, ठोके वाढणार. इतक्या वर्षांची त्याच्या हाताची सवय होती ती, माझ्या दोन वाक्यांनी सुटणारी नव्हती. आणि नळी फुटली तर तिच्यासमोर उभा असणारा माणूस तोच होता.

त्याच दिवशीचं रीडिंग आजवरचं सगळ्यात चांगलं आलं. मी तडक व्यंकटेशच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की हा द्रव काढून टाक, नळ्या धुऊन घे, साधं पाणी भर. त्यानं कागद पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, दर वेळी नंबर वाढतोय, आणि तुम्ही म्हणताय फेकून दे?"

"वाढतोय म्हणूनच म्हणतेय."

"महबूबचं ते बसण्णाचं खूळ तुमच्यापर्यंत आलं वाटतं," तो हसला. मग माझा चेहरा बघून गंभीर झाला. "दिवाळीची ऑर्डर जाऊ द्या. दिवाळी झाली की काढतो. तुमची शपथ. तोवर पंप एक मिनिट बंद होणार नाही, बास?"

मी हो म्हटलं नाही. महबूबला त्या भट्टीवरून हलव, एवढं तरी कर, असं म्हटलं. तो म्हणाला, "त्याला हलवलं तर तो रडेल मॅडम." हे खरंच होतं.

खंडेनवमीला मला त्यांच्याकडे यंत्रपूजेचं आमंत्रण असायचं. त्या वर्षीही गेले. फाटकातून आत शिरले आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते कळेना. कारखाना धुऊन पुसून लख्ख. मशीनला हळदीकुंकू, झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, उदबत्तीचा वास. व्यंकटेशचे वडील तेलुगूत काहीतरी पुटपुटत प्रत्येक यंत्रासमोर नारळ ओवाळत होते. सगळीकडे इतकी शांतता होती की उदबत्तीची राख पडलेली ऐकू यावी. आणि मग माझ्या लक्षात आलं, शांतताच चुकत होती. पंपाचा आवाज नव्हता.

पंपालाही माळ होती. त्याच्या अंगावर पाच बोटं कुंकवात बुडवून उठवलेली होती.

"व्यंकटेश, पंप सुरू कर. आत्ताच्या आत्ता."

त्यानं मला बाजूला घेतलं. "मॅडम, आज नाही. आज कुठल्याच यंत्राला हात लावायचा नसतो. वर्षातून एक दिवस त्यांना विश्रांती. आमच्या बाबांनी हातमागाच्या दिवसांपासून हे पाळलंय." मग हळू आवाजात म्हणाला, "भट्टी काल संध्याकाळीच विझवलीय. आग नाही तर धोका कसला?"

मी त्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहिलं. आयुष्यभर मागावर वाकून त्यांची पाठ कमानीसारखी झाली होती, आणि ते पंपासमोर हात जोडून उभे होते. आमच्या घरातही या दिवशी विळीसुद्धा धरत नाहीत. तरी मी बोलायचं ते बोलले. फिरत्या द्रवात साखळ्या तरंगतात, थांबल्या द्रवात त्या बसणार. खालच्या वेटोळ्यात चिखल भरणार. उद्या आग लावण्याआधी नळी उघडून बघ, नाहीतर लावू नकोस.

"उद्या बघतो," तो म्हणाला. महबूब तिथेच उभा होता. त्याच्या हातात प्रसादाचं खोबरं होतं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी घरात पुरण शिजत टाकून रिक्षा केली. नवऱ्यानं विचारलं, "आज कुठं?" मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

मुहूर्ताची पहिली रंगणी सुरू झाली होती. व्यंकटेश फाटकाशी पाहुण्यांना सोनं देत उभा होता. मला बघून आपट्याचं पान पुढे करत म्हणाला, "मॅडम, पॅनल बघा, सगळं एकदम व्यवस्थित!" मी पान घेतलं आणि पॅनलकडे गेले. आकडे खरंच सुरेख होते. वरचं वेटोळं नीट चालू होतं, तेच गरम पाणी पॅनलला दिसत होतं. खालच्या वेटोळ्याचा वेगळा आकडा पॅनलवर नव्हताच.

मी भिंतीपलीकडे गेले. भट्टीत जाळ भडकला होता. खालच्या वेटोळ्याचं तोंड जिथे भट्टीबाहेर येतं, तिथे मी आधी हात जवळ नेला, मग टेकवला. पाइप गार होता. आत वणवा, आणि बाहेर येणारा पाइप माठासारखा गार. आयुष्यभर मी उष्णतेचा माग काढत आले, पण उष्णता कुठेच बाहेर येत नाही, आतल्या आत साठत चालली आहे, हे तळहाताला असं कधी कळलं नव्हतं.

आणि ठोके पडत होते. आता ते संकोचानं येत नव्हते. तीन, तीन, पुन्हा तीन. सबंध भट्टी आतून कुणी हाणत असावं तसे. महबूब घामानं भिजला होता आणि जळण सारत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती.

"महबूबभाई, थांबा! आग ओढा बाहेर!"

"उनो माँगरा, मॅडम!" तो मागे न बघता ओरडला. त्याचा आवाज रडवेला होता. "देखो कैसा माँगरा! दिनभर बंद था ना कल, ठंड लगी उसकू!"

मी पुन्हा ओरडले. ठोक्यांच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येईना. तो पुढच्या जळणाला हात घालत होता. मला फक्त त्याची पाठ दिसत होती, घामेजलेली, आणि त्या पाठीच्या पलीकडे जाळ. हा माणूस आता मरणार, हे मला स्पष्ट दिसलं.

बसण्णाची हातोडी पाइपाजवळ टेकून ठेवलेली होती. मी ती उचलली. तीन म्हणजे वाढव, तर दोन म्हणजे बास, हे मला माहीत होतं, पक्कं माहीत होतं, विचारही करावा लागला नाही. मी लोखंडावर दोन ठोके दिले, मध्ये थोडी जागा सोडून.

महबूबचा हात हवेतच थांबला. त्यानं जळण खाली टाकलं. इतक्या सहज, की जणू हौदाकडून रोजचाच निरोप आला होता. मग त्यानं लांब लोखंडी आकडा घेतला आणि भट्टीतली आग भराभर बाहेर ओढू लागला. निखारे फरशीवर पसरले.

आणि आतले ठोके थांबले. एकदम.

या शांततेचा अर्थ मला कळत होता. ठोकायला आत पाणी असावं लागतं. वेटोळ्यात आता पाणी उरलं नव्हतं, वाफ होती. "सरका!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. या वेळी त्यानं ऐकलं. तो मागे वळला, आणि भट्टीत काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. काळ्या पाण्याचा आणि वाफेचा झोत भट्टीच्या तोंडातून बाहेर आला. तो समोर असता तर संपला असता. वळलेला होता म्हणून झोत त्याच्या उजव्या हातावर आणि खांद्यावर गेला. निम्मी आग बाहेर होती म्हणून वेटोळं एकाच जागी फाटलं, भट्टी उडाली नाही.

व्यंकटेश धावत आला तेव्हा त्याच्या हातात आपट्याची पानं तशीच होती. त्यानंच महबूबला उचललं, स्वतःच्या गाडीत घातलं. पुढचे कित्येक दिवस व्यंकटेश दवाखान्यातून हलला नाही. त्याला मी एक शब्द बोलले नाही. बोलण्याची गरजच नव्हती, त्याचं तोंड बघवत नव्हतं. फाटलेलं वेटोळं नंतर कापून बघितलं. खालच्या वळणात काळा चिखल ठासून भरला होता, मुठीनं दाबून बसवावा तसा. ते काळं पाणी व्यंकटेशनं कायमचं बंद केलं. मलाही पुन्हा तो द्रव हातात घ्यावासा वाटला नाही. नोकरीची थोडीच वर्षं उरली होती, मी मुलांना साध्या पाण्यावर शिकवलं.

महबूब वाचला. जखमा भरत आल्यावर मी त्याला भेटायला गेले. बायको त्याला चमच्यानं वरणभात भरवत होती. दंडावर नवी गुलाबी कातडी आली होती आणि तिच्याखाली निळसर काळे ठिपके राहिले होते, गोंदल्यासारखे. त्यानं हात पुढे करून विचारलं, "मॅडम, हे निघंल का हो? डॉक्टर म्हणतात ऱ्हाईल."

आत शिरलेल्या त्या कणांचं पुढे काय होतं, हे त्यानं मला विचारावं, यात चूक काहीच नव्हती. त्यातलं जाणणारी बाई म्हणूनच तो मला ओळखत होता. "मला माहीत नाही," मी म्हटलं. हे तीन शब्द मी आयुष्यात इतक्या जड जिभेनं कधी बोलले नव्हते.

त्यानं हात मागे घेतला. मग म्हणाला, "त्या दिवशी ठोका कुणी दिला?"

"मी दिला. हातोडी तिथंच होती."

"दोन ठोके."

"हो. दोन म्हणजे बास."

महबूबनं बायकोचा हात बाजूला केला आणि तो उशीवरून थोडा उठला. "दो का आपकू कौन बोला?"

"तुम्हीच की. तुम्हीच मला दाखवलं होतंत."

"मैं तीन का बोला था मॅडम." त्याचा आवाज अगदी हळू झाला. "दो का नै. दो कभी हुआच नै ना. बसण्णा बोलके रखा था, कभी जान का खतरा हुआ तो दो मारूँगा, तू सब छोडके आग ओढ. इतने साल में एक बार बी मारने की बारी नै आयी. उसकू मालूम था, मेरेकू मालूम था. घर में बी नै बोला मैं."

त्याची बायको आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. मी आठवून पाहिलं. बसण्णाच्या बाकड्यावर बसून मी कितीदा चहा प्यायले होते. बोलता बोलता त्यानं कधीतरी सांगितलं असेल. कन्नडमध्ये सांगितलं असेल, गावच्या गप्पांत मिसळून गेलं असेल. तसंच असणार. मी तसं महबूबला म्हणालेसुद्धा.

तो पुन्हा आडवा झाला आणि त्यानं डोळे मिटले. "हात आपका था मॅडम," तो म्हणाला. "बाकी पूछो नक्को."

मी विचारलं नाही. व्यंकटेशला नाही, मैंदर्गीला बसण्णाच्या घरी नाही. माहेरी जाते, त्यांच्या दारावरून जाते, त्याची बायको "बर्री अक्का" म्हणून हाक मारते, मी आत जाऊन बसते, चहा घेते. त्यानं तुम्हाला कधी दोन ठोक्यांचं सांगितलं होतं का, एवढंच विचारायचं असतं. ती "नाही" म्हणेल, या भीतीनं मी दर वेळी कप खाली ठेवून उठते.